पार्टाचं माहेर

श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापुरात माझे एक व्याही आहेत. त्यांची मुलगी आमच्या घरात दिलेली नाही, आणि माझी दोन्ही पोरं अजून शाळेतच गटांगळ्या खातायत. तरीही कांद्याचे अडते गंगाधरशेठ रस्त्यात भेटले की हात जोडून विचारतात, "काय विहीनबाई, काच बरी हाय ना?" मी म्हणते, "बरी आहे हो शेठ. कोपऱ्यात जरा टिचलीय, पण चाललंय आपलं." मग ते माझ्या पोरांची चौकशी करतात, मी त्यांच्या सुनेच्या गुडघ्याची करते, आणि आम्ही आपापल्या वाटेला लागतो. हे नातं लावून दिलं शांतवन मामांनी. माझ्या मोबाईलला शेठच्या मोबाईलची काच बसवली, त्या दिवसापासून आम्ही सोयरे.

मी मंगल. पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि त्याला लागून शांतवन मामांचं दुकान, मागे त्यांचं घर. मधली भिंत एवढी पातळ की इकडे मी दात खाल्ले तरी तिकडे ऐकू जातं, आणि मामांच्या शेजारी बसायचं म्हणजे दात खाण्याचे प्रसंग रोजचेच. माझी छोटी कात्री दिवसातून किती वेळा तिकडे जाते आणि किती वेळा मी ती ओरडून परत आणते, याला काही सुमार नाही.

मामा मूळचे मोटर रिवायंडिंगवाले. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांनी जन्मभर नवी तार गुंडाळून भरल्या. वय झालं, मोटारी उचलवेनात, तेव्हा म्हणाले, "आता हलक्या मोटारी भरायच्या," आणि मोबाईल दुरुस्तीला बसले. शिकवलं कुणी? कुणीच नाही. पहिला मोबाईल त्यांनी स्वतःचाच खोलला आणि तो आजतागायत बंद झालेला नाही. अर्थात मिटलेलाही नाही, त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेलं आहे.

कारागीर म्हणून मामा फार थोर आहेत अशी कुणाची समजूत होऊ नये. त्यांची हत्यारं म्हणजे मामींचा भुवया कोरायचा चिमटा, केस वाळवायचं मशीन आणि माझी कात्री. चष्म्याच्या एका काचेवर त्यांनी दुसऱ्या चष्म्याची काच दोऱ्याने बांधलीय. भिजलेला फोन आला की तो बाजरीच्या डब्यात पुरतात. एकदा मामींनी तीच बाजरी दळायला पाठवली आणि गिरणीवाला आमच्या दारात येऊन असा काही बोंबलला की विचारू नका. त्या फोनचं पुढे काय झालं ते मामा सांगत नाहीत.

पण मामांचा खरा हातखंडा म्हणजे एका कंपनीचा पार्ट दुसऱ्या कंपनीच्या फोनात बसवणं. "मामा, हा जुळत नाही," असं म्हणायची चोरी. लगेच चष्मा कपाळावर. "जुळत न्हाई म्हंजी काय? जुळवून घेतलं न्हाई म्हना! तुमचं लगीन झालं तवा तुमी जुळत हुता का?" या प्रश्नावर आमच्या पेठेतली भली भली माणसं फोन पुढे सरकवतात. मग मामा कानस घेतात, कडा घासतात, फट राहिली तर मोटारीला लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. माझ्या फोनला काच एक बोट आखूड होती. तिथे लांबीची राखाडी पट्टी आहे. माझी नणंद तिला डिझाईन समजली आणि तसलाच फोन कुठे मिळतो म्हणून विचारत बसली.

ग्रामसेवकांच्या फोनला मामांनी दुसऱ्याच फोनचा कॅमेरा बसवला. फोटो उलटे येऊ लागले. ग्रामसेवक तणतणत आले, "मामा, मी सरकारी कामाचे फोटो पाठवतो. रस्ता वर आणि आभाळ खाली!" मामा शांतपणे म्हणाले, "मंग फोन उलटा धरा की. यवढं काय त्यात!" ग्रामसेवक आता फोन उलटा धरूनच फोटो काढतात आणि फोटो अगदी सुलटे येतात. त्यांच्याकडे बघून शिपाईसुद्धा तसाच धरतो, त्याचे मात्र काय येत असतील देव जाणे.

नवा पार्ट बसवल्यावर फोन दोन दिवस धड चालत नाही. बोट लावावं तिथे लागत नाही, लावू नये तिथे लागतं. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं. "नवी सून घरात आली की रुसतीच. हाका मारून मारून तिला भंडावू नका. नांदायला येळ द्या."

आणि सून म्हटली की तिला माहेर आलंच. इथून मामांचा खरा विक्षिप्तपणा सुरू होतो. कुणी मेलेला फोन मोडीत द्यायला आलं की मामा पहिला प्रश्न विचारणार, "कुनाचा?" कुणाचा ते कळल्याशिवाय तो फोन ते हातात घेत नाहीत. त्यातला पार्ट दुसऱ्या फोनात गेला की त्या फोनच्या मालकाने पहिला फोन लावायचा तो पार्टाच्या जुन्या मालकाला. मग पेढे घेऊन त्याच्या घरी जायचं. हे दोन्ही केल्याशिवाय मामा फोनचं मागचं झाकण देत नाहीत. झाकण अक्षरशः खिशात घालून बसतात. "वस्तू इकत घेता येती," ते म्हणतात, "तिचं माहेर इकत घेता येत न्हाई. तिकडं जाऊन यावं लागतं."

लोक आधी हसले, मग चिडले, मग झाकणासाठी गेले. आणि गेले ते चहा पिऊन, हळदीकुंकू घेऊन, हातात वानोळा घेऊन आले! बेलापुरात अशी सोयरीक आता घरोघर आहे. गंगाधरशेठच्या मुलाच्या लग्नात मला व्याह्यांच्या रांगेत बसवलं, माझी ओटी भरली. खरे व्याही टकामका बघत होते.

भांडणंही झाली, नाही असं नाही. मास्तरीणबाईंच्या फोनला रसवंतीवाल्या कोंडीरामची बॅटरी बसवली आणि ती उन्हाळ्यात फुगली. मास्तरीणबाई त्याच्या रसवंतीवर जाऊन म्हणाल्या, "तुमच्या बॅटरीने आमच्या फोनचं वाटोळं केलं." कोंडीराम उसाच्या चरकावरचा हात थांबवून म्हणाला, "बाई, आमच्याकडं हुती तवर सुतासारखी सरळ हुती. तुमीच तिला धड खाऊपिऊ घातलं न्हाई. रात रात चार्जिंगला लावून छळ केला!" शेवटी मामांनी दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढली आणि बॅटरी माहेरी परत पाठवली. कोंडीरामने ती रुमालात गुंडाळून नेली. मी डोळ्यांनी बघितलंय.

तर असा सगळ्या गावाची सोयरीक जुळवणारा हा माणूस. आणि याच्या स्वतःच्या एकुलत्या एक मुलीच्या सासरी हा एकदाही गेला नव्हता.

एस्तेर त्यांची लेक. चर्चच्या आवारात सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली, हुशार पोर. राजूरकडे आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि तिथल्याच एका शिक्षकाशी, विलासशी, तिचं जमलं. तो हिंदू, डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरातला. घरी काय म्हणतील या धास्तीने पोरीने आधी नोंदणी करून लग्न केलं आणि मग वडिलांना फोन केला. मी तेव्हा दुकानात कात्री मागायलाच गेले होते. मामांनी ऐकून घेतलं, "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर एस्तेरचं नाव त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच.

लोकांना वाटलं, जातधर्माचं दुखणं. मलाही वाटलं होतं. पण एकदा नाताळच्या आधी चांदणी टांगताना ते शिडीवरून अचानक म्हणाले, "मंगल, तिनं एका शब्दानं इचारलं असतं तर मी सोता मांडवाचा खांब रवला असता. आख्ख्या गावाचं जुळवून देतो मी. माज्या लेकीला वाटलं, बाप आपलं मोडंल." एवढं बोलून चांदणी लावली आणि ती तिरकीच लागली.

मामी मात्र एस्तेरशी रोज दुपारी फोनवर बोलतात. आणि मामींच्या फोनचा आवाज म्हणजे जत्रेतला कर्णा! मामांनी त्यात कुठला तरी भलाथोरला स्पीकर बसवलाय. एस्तेर राजूरहून बोलते आणि मी भिंतीपलीकडे ब्लाऊजला हुक लावता लावता सगळं ऐकते. तिच्या सासूची संधिवाताची गोळी, भाताची लावणी, घरमालकिणीसारखी वागणारी मांजर, मला सगळं पाठ. मामी कितीदा म्हणायच्या, "अहो, जरा आवाज कमी करून द्या. गाव ऐकतंय." मामा म्हणायचे, "त्याला हात लावला तर बिघडंल." मी एक दिवस सहज डोकावले तर काय, मामींचा फोन आतल्या घरात चाललेला आणि मामा इकडे दुकानात चिमटा हातात धरून नुसते बसलेले. समोरचा फोन उघडा, काम बंद. फोन संपला तेव्हा चिमटा हलला. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, की हा स्पीकर मामींसाठी नाहीच.

यंदा पावसाळ्यानंतर मामींचा फोन धुण्याच्या बादलीत पडला. बाजरीत पुरला, उन्हात ठेवला. सगळं चालू झालं, पण आवाज गेला. एस्तेरचा फोन यायचा, तिचं नाव दिसायचं आणि पुढे शुकशुकाट. मामी माझ्या दुकानात येऊन माझ्या फोनवरून बोलायला लागल्या. माझ्या फोनचा आवाज बेताचा. मामींचं बोलणं भिंतीपलीकडे जात असेल, एस्तेरचं काही जात नसणार.

मामा स्पीकर शोधत बसले. हा लावला, काढला, तो लावला, काढला. जुळत नाही म्हणाले. शांतवन मामा "जुळत न्हाई" म्हणाले! मी शिवणयंत्रावरचा पाय थांबवला. त्यांची भाकरी कमी झाली, गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले, माझी कात्रीसुद्धा मागेनात. माणूस डोळ्यांदेखत सुकत चालला होता आणि मला ते बघवेना.

माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. मी एस्तेरला फोन लावला. "पोरी, तुझ्या घरात एखादा मेलेला फोन आहे का?" ती म्हणाली, "नानांचा आहे, माझ्या सासऱ्यांचा. भाताच्या चिखलात पडलेला." मी म्हटलं, "तो दे पाठवून. पण नानांना विचारून." नानांनी स्वतः तो फडक्यात गुंडाळला आणि श्रीरामपूरला येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे दिला. बरोबर तांदळाची छोटी पिशवी. रिकामा पाठवायचा नाही म्हणाले.

फोन मी मामांच्या टेबलावर ठेवला. सवयीप्रमाणे मामांनी विचारलं, "कुनाचा?"

"राजूरच्या नानांचा."

मामांनी मान वर केली नाही. फोन उलटा केला, सुलटा केला, कडेला अडकलेला वाळका चिखल नखाने काढला. बराच वेळ काढत होते. मग म्हणाले, "ठिवून जा."

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन बोलू लागला. बोलू लागला म्हणजे काय, नानांच्या फोनचा स्पीकर मापाने मोठा, झाकण लागेना, मामांनी मधे माझ्याच दुकानातल्या चिंध्या कोंबलेल्या. एस्तेरचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. मामी हसून हसून पदर तोंडात कोंबत होत्या. मी स्वतःवर जाम खूश. म्हटलं, मंगल, जिंकलीस बाई! आता मामांच्याच नियमाने मामांना राजूरला जावं लागणार. कसं अडकवलं!

कात्री आणायला म्हणून मी त्यांच्या टेबलाचा खण ओढला. आत एक पुडी होती, प्लॅस्टिकची, सीलबंद. मामींच्या फोनचाच स्पीकर. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, कोरा करकरीत.

"मामा! हा तर होता तुमच्याकडे!"

"व्हय. हाय की. श्रीरामपूरवरनं आनला हुता."

"कधी?"

"फोन पडला त्याच दिशी."

"मग हा का नाही बसवला? एवढे दिवस मामी बिचारी…"

मामांनी खण हळूच ढकलला. "त्यो कंपनीतनं आलाय गं मंगल. त्याला माहेर न्हाई. त्यो बसवला असता तर मी कुनाकडं पेढं घिऊन गेलो असतो?"

मी कात्री न घेताच परत आले आणि मशीनवर बसून डोळे पुसले. मी त्यांना अडकवलं म्हणत होते, आणि ते बिचारे कुणीतरी अडकवण्याची वाट बघत बसले होते. पलीकडून मामा म्हणाले, "रडू नको. पांढरा शर्ट उसवलाय तेवढा बघ. रविवारी चर्च हाय, सोमवारी जाऊ. तू बी यायचं, फोन तू आनलास."

सोमवारी आम्ही तिघं निघालो. मामांनी बेलापुरातून पेढे घेतले. मी कपाळावर हात मारला. "मामा, राजूरला पेढे? अहो, तिथले पेढे लोक बांधून आणतात! तुम्ही इथून तिकडे नेताय?"

"मंग काय त्याच्याच गावात इकत घिऊन त्यालाच देऊ? शोभतं का?"

कोल्हारवरून संगमनेर, तिथून अकोले, पुढे डोंगराचा रस्ता. मामांनी पेढ्यांचा पुडा मांडीवरून खाली ठेवला नाही. वाटेत त्यांनी दोनदा परत फिरायची भाषा केली. एकदा म्हणाले दुकानाला कुलूप लावलं का आठवत नाही, एकदा म्हणाले पोटात ढवळतंय. मामींनी दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं.

नाना अंगणातच उभे होते. वाळका, उंच माणूस, टोपी घातलेला. बायको मागे दारात. मामा त्यांच्यासमोर गेले, पुडा पुढे केला आणि तोंड उघडलं. गावातल्या शेकडो लोकांना काय बोलायचं ते शिकवलेला माणूस, पण स्वतःची वेळ आली तेव्हा अडखळला. "तुमचा… ते… तुमचा स्पीकर…" एवढंच तीनतीनदा.

नानांनी दोन्ही हातांनी पुडा घेतला. म्हणाले, "मिस्त्री, स्पीकरचं ऱ्हाऊ द्या. आदी आमचं ऐका. तुमची लेक आमच्याकडं लई सुखात हाय. ह्ये सांगायला आमीच पेढं घिऊन तुमच्या दारात यायला पायजे हुतं. दर सनाला निघायचं म्हनायचो. धाडस झालं न्हाई. आमाला माफ करा."

मामा तिथेच अंगणात मोठ्याने रडले. लाज नाही, काही नाही, लहान पोरासारखे. नानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तेही रडायला लागले. मग आम्ही बायका तरी का मागे राहतोय!

एस्तेर दारातून पुढे आली होती. हात ओलेच. बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहिले. कशी आहेस, किती वाळलीस, राग गेला का, काही नाही. मामांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, हात पुढे केला आणि दरडावून म्हणाले, "तुजा मोबाईल बघू. बिगडलाय का काय?"

एस्तेरचा फोन दिवाळीत घेतलेला. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

"बिघडलाय, पप्पा," ती म्हणाली. "कधीपासून बिघडलाय."

मी "अगं, पण…" म्हणणार होते, तेवढ्यात मामींनी मला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी वळ होता. मामा ओट्यावर मांडी घालून बसले. खिशातून माझी कात्री काढली. एस्तेर त्यांच्या शेजारी बसली आणि ते काढतील तो एकेक स्क्रू तळहातावर घेऊ लागली. विलासने चहा आणला, तो निवला. नानांनी जेवायला हाक मारली, ती कुणी ऐकली नाही. ऊन ओट्यावरून उतरलं, अंगणातून गेलं, परतीची शेवटची एसटीही गेली, तरी तो चांगला फोन काही दुरुस्त होईना.